श्रावणातला डबा

बारावीला विद्युत फ्लक्स शिकवायला आमच्या सरांना नेमका श्रावणच सापडला. बंद पृष्ठभाग लहान असो की मोठा, त्यातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स फक्त आतल्या विद्युतभारावर ठरतो. बाहेरच्या भाराच्या रेषा एका बाजूने शिरतात, दुसऱ्या बाजूने निघून जातात, बेरीज शून्य. म्हणजे पेटी न उघडताच आत काय आहे ते कळतं.

आम्ही रत्नागिरीची पोरं. सरांच्या टेबलावरच्या जेवणाच्या डब्यात काय आहे, ते आम्हाला आधीच कळलं होतं. श्रावणात मासळीचं नाव न काढणाऱ्या सरांच्या डब्याला चक्क भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास येत होता!

“बंदरावरचा वारा आहे तो,” सर गुरगुरले.

मी उठले आणि डब्याभोवती हुंगत एक फेरी मारली. “वाऱ्याचा वास असता तर एका बाजूने आत गेला असता, सर. हा सगळीकडून बाहेरच येतोय.”

सरांचे कान लाल झाले. “उत्तर बरोबर आहे. बस खाली. आणि आधी ते दार लावा!”

दार लावलं. पृष्ठभाग डब्याएवढा होता तो वर्गाएवढा मोठा झाला, आतला भार तोच.

थोड्याच वेळात व्हरांड्यातून प्राचार्यांचा आवाज आला, “श्रावणात बांगडा कोणी आणला रे?”