आमच्या वकिलाचे मुन्शी

लातूर जिल्हा नवा झाला तवा आमच्या वकिलाचे मुन्शी कोर्टाबाहेर, दुष्काळानं बोडक्या झालेल्या लिंबाखाली टाइप करत बसायचे. मान कधी वर करायचे न्हाईत, बोलायचे मशीनकडंच बघून. माझ्या मालकाला सजा झाली अन् मी त्यांचं लेकरू कडेवर घेऊन पळतच गेले.

"मुन्शीजी, वरच्या कोर्टात मी सांगते सगळं!"

"वरचं कोर्ट कागद वाचतं, बाई. जजनं साक्षीची तारीख पुढं ढकलली न्हाई, ती त्याची मर्जी. त्यात वरचं कोर्ट सहसा पडत न्हाई."

मशीनवर कोरा कागद चढवला. मग आपणहून टाइप केलं, वाचून दावलं: "साक्षीच्या दिवशी आरोपीचे वकील आलेच नाहीत."

"तुमचेच सायेब की वो!"

"सही कर."

वरच्या कोर्टानं अपील ऐकायला घेतलं. सांगायला गेले, तर लिंबाखाली सायेबांनी नवा ठेवलेला दुसराच मुन्शी. त्यानं मान वर करून इचारलं, "काय काम हाय?" मला रडूच आलं.