त्याच्या फोनवर येणारे मेसेज

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला आणि आमची बाजारभावाची वेबसाइट भर दुपारी पडायला लागली. पडायची, आपोआप उठायची, थोड्या वेळानं पुन्हा पडायची. व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले, "भाव दिसूनच नाही राह्यले."

वेबसाइट आम्ही दोघा मित्रांनी उभी केली होती, वाशीमच्या एका खोलीत शेजारी शेजारी टेबलं टाकून. सर्व्हरचं सगळं तो बघायचा. उन्हाळ्यात मंगरूळपीरला घरी जाताना त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला, त्यात तो गेला. तेव्हापासून खोलीत मी एकटाच.

सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. प्रोग्राम बिघडून पडत असता तर कुठेतरी चूक छापलेली असती. चूक नव्हती. दर वेळी एकच ओळ होती, थांबण्याचा हुकूम मिळाला. म्हणजे कुणीतरी त्याला बंद करत होतं. पासवर्ड तर आता माझ्याखेरीज कुणाकडे नव्हता. मी मुद्दाम प्रोग्राम बंद केला आणि हात मागे घेऊन बसलो. जरा वेळानं तो माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झाला. शेजारच्या खुर्चीकडे बघायचं मी टाळलं.

त्याच दुपारी त्याच्या नंबरवरून फोन आला. स्क्रीनवर त्याचं नाव. लगेच उचलवेना. दुसऱ्यांदा वाजल्यावर उचलला.

पलीकडे वहिनी होत्या, त्याची बायको.

"भाऊजी, ह्यायचा फोन सारखा वाजून राह्यला. चार्जिंगले लावलेलाच असते. मेसेज येते."

"काय लिहिलंय?"

"'मेला होता, उठवला.' तेवढंच. कोन पाठवते? मले भेव वाटते."

फोन ठेवून मी सर्व्हरवरचं त्याचं खातं तपासलं. त्यानं तिथे एक पहारेकरी प्रोग्राम ठेवला होता. तो सतत वेबसाइटचं पहिलं पान मागायचा. ठरल्या वेळात उत्तर नाही आलं, तर सर्व्हर मेला असं धरून तो त्याला बंद करायचा, नव्यानं चालू करायचा आणि मेसेज धाडायचा. यंदा मी त्या पानावर सगळ्या बाजारांचे भाव नि फोटो टाकले होते. लिलावानंतर गर्दी झाली की पान उशिरा उघडायचं. सर्व्हर जिवंतच होता. नुसता उत्तर द्यायला वेळ लावत होता.

मी पान हलकं केलं, पहारेकऱ्याला तपासायला वेगळं छोटं पान दिलं, जरा जास्त थांबायला लावलं. दुसऱ्या दिवशी गर्दीतही सर्व्हर टिकला.

वहिनींना कळवलं, "आता नाही वाजणार. त्यानंच लिहिलेला प्रोग्राम होता. त्याचा नंबर काढून मी माझा टाकतो."

त्या म्हणाल्या, "काहून काढता? राहू द्या ना."

मी त्याच्या नंबरखाली माझा जोडला.

तुरीच्या दिवसांत एकदा सर्व्हर खरोखर बंद पडला. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "आज वाजला होता."

"हो वहिनी. आज खरंच पडला होता."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.