गेटवर मायचं गोत

२०२४ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. चाळीस वर्षं ट्रक चालवला, आणि म्हातारपणी बिनड्रायव्हरच्या ट्रकांची राखण करायची पाळी आली.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्या कंपनीचं मैदान आहे. गेटवर मी. ही जागा लेकीच्या वशिल्यानं मिळाली नाही. मी आधी लागलो. ती दोन वर्षांनी पुण्याहून आली, माहिती सुरक्षेची साहेब होऊन. त्या ट्रकला हुकूम लांबून जातो. हुकूम आपल्या माणसाचा की चोराचा, हे ट्रकला कळावं म्हणून तिचं सगळं खातं. हुकमाच्या गुप्त किल्ल्या एका खोलीतल्या कॉम्प्युटरात असतात. कार्डाशिवाय त्या बाजूला कोणी जायचं नाही. पुण्याच्या मोठ्या साहेबालाही मी भर उन्हात अर्धा तास उभं ठेवलं होतं.

एका दुपारी तिशीतला एक माणूस आला. एसी दुरुस्तीला आलो म्हणे. कार्ड नाही. हाकलणारच होतो, तर तो गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत बोलला. आता आमची बोली बोलणारा माणूस दारात आला की आम्ही आधी तांडा विचारतो, मग गोत, आणि नातं निघेपर्यंत थांबत नाही. त्यानं महागावकडचा तांडा सांगितला. माझ्या मायचा तांडा. गोतही तिचंच. मामाकडच्या माणसाला कार्ड मागायचं कसं? मी त्याला पाणी दिलं, डब्यातली अर्धी भाकर दिली आणि स्वतः त्या खोलीपर्यंत सोडून आलो.

चार वाजता सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. तो माणूस लेकीच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला. आमची परीक्षा घ्यायला तिनंच बोलावला होता. खोलीतल्या कॉम्प्युटरला आपण पेनड्राइव्ह कसा लावला, ते त्यानं सांगितलं. आपली सगळ्यात कच्ची जागा गेट आहे, असं लेक म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. गेटवर दुसरं कोण असतं?

घरी आम्ही गोरबोली बोलतो. त्या संध्याकाळी मी तिच्याशी वऱ्हाडीत बोललो, बाजारात परक्याशी बोलतो तशी.

"माह्या मायचं गोत त्याले तूनंच सांगतलं?"

"हो बा. मीच सांगतलं."

"कुलूप तोडून आला असता तर पाय मोडले असते त्याचे. तूनं माह्या मायले आणून उभं केलं दारात."

"खराखुरा चोर बी हेच करीन. आपल्या लग्नाच्या पत्रिका फोनवर फिरून राह्यल्या. मामाचा तांडा, गोत, सगळं छापलं असते त्याच्यात."

हे खरं होतं, म्हणून राग आणखी चढला. वर ती म्हणाली की रिपोर्ट लिहून झालाय. गेटवर अंगठ्याची मशीन बसेल, मला आत झाडांना पाणी घालायचं काम, सावलीतलं. सावलीतलं! आमच्या पणज्यांनी बैलांच्या पाठीवर लोकांचं मीठ आणि धान्य वाहिलं, मुलूख पालथा घातला, पण एका गोणीची शिवण उसवू दिली नाही. आणि मी जास्वंदीला पाणी घालू?

चुकलो हे मला कळत होतं. पण चूक माझी म्हणून गेट मशीनचं कसं होतं, ते मला अजून कोणी समजावलेलं नाही. मी तिला एवढंच म्हटलं की रिपोर्ट उद्या संध्याकाळी धाड, उद्याचा दिवस गेट माझं आहे. ती हो म्हणाली. मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला निघालो. तिचं कार्ड फ्रिजवर पडलेलं दिसलं. तिथंच राहू दिलं.

नऊला तिची गाडी आली. काच खाली झाली.

"बा, उघड."

"कार्ड?"

"बा, मी हाओ."

"तुमचं गोत मले मालूम हाय, म्याडम. कार्ड दाखवा."

मागं दोन गाड्या हॉर्न देऊन राहिल्या होत्या. तिनं गाडी मागं घेतली आणि घराकडे वळवली. मी रजिस्टर काढलं. तिसरी शिकलेला माणूस, मला वेळ लागतो. मागच्या गाड्यांना थांबवून एकेक अक्षर नीट काढलं: नऊ वाजून दहा मिनिटं, सुरक्षेच्या साहेब, विनाकार्ड, परत पाठवल्या. खाली सही केली, मग मागच्या गाडीला कार्ड मागितलं.