भिंतीपलीकडचे काका आणि पाऊण इंची पाइप

माणसाला नाडीवरून ओळखणारे वैद्य पुष्कळ असतील, पण अख्खं घर त्याच्या पाइपांवरून ओळखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही आयर्लंडमधल्या किलकेनीत, आमच्या भिंतीपलीकडे. माझ्या शेजाऱ्याचे वडील. उभा जन्म कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात बॉयलरवर फिटर म्हणून काढलेला. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आले आणि लॉकडाउनमुळे वर्षभर अडकले. विमानं बंद झाल्याचं दुःख त्यांनी दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की या देशात घरोघरी बॉयलर आहे आणि गरम पाण्याचे पाइप खोल्याखोल्यांतून फिरून रेडिएटर, म्हणजे भिंतीवरचे लोखंडी हीटर, तापवतात. मग काय! माणसाला कारखानाच परत मिळाला.

आमच्या दोन्ही घरांची भिंत एकच. तिला ते स्टीलचा पेला लावायचे, पेल्याला कान लावायचे, आणि सकाळी नऊच्या ठोक्याला माझा फोन वाजायचा. "ओ इंजिनियर, जिन्याखालच्या रेडिएटरात हवा धरलीया. सोडा की तिला, जीव गुदमरलाय त्याचा." चमच्यानं ठोकून ते पाइपाची जात सांगत. तांबं टणटण बोलतं, लोखंड घुमतं, प्लास्टिक मुकं, हे त्यांचं शास्त्र. आल्या आल्या, सगळं बंद व्हायच्या आधी, त्यांना इथलं एक जुनं चर्च दाखवायला नेलं होतं. लोक माना वर करून छत बघत होते आणि हे कोपऱ्यात गुडघ्यांवर. शेजारच्या आयरिश आजींना वाटलं, प्रार्थना चाललीय. त्यांनी हळूच यांच्या खांद्यावर हात ठेवला. काका पाइप कुरवाळत म्हणाले, "बिडाचा हाय, आज्जी, वतीव लोखंड. शंभर वर्सं मरत न्हाई." आजींनी डोळे पुसले.

मला ते इंजिनियर म्हणायचे ते निम्मं थट्टेनं. मी खराच इंजिनियर आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी चारचौघांत सांगतो, त्यात लाजायचं काय? पण माझं इंजिनियरिंग कॉम्प्युटरमधलं. पाना कुठल्या बाजूनं धरतात हे त्यात येत नाही.

ते उघडं पडलं २०२१च्या जानेवारीत. आमची लेक सतरा दिवसांची, बाहेर गवतावर बर्फ, आणि हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात, हीटिंगचा जुना पाइप गळायला लागला. बॉयलर बंद करावा लागला. घरमालक फोनवर म्हणाला, "युअर मॅन, तो प्लंबर, दहा दिवस आयसोलेशनमध्ये आहे. पण यू'ल बी ग्रँड!" ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. आम्ही असू ग्रँड, पण सतरा दिवसांच्या पोरीचं काय? बायकोनं तिला तीन स्वेटर आणि दोन टोप्या चढवल्या. आत पोर आहे हे फक्त रडण्यावरून कळायचं, आणि तिचे हात तरीही गारच.

काका तर यायला एका पायावर तयार. पण सुनेची सक्त ताकीद होती, सत्तरी उलटलेल्या माणसानं कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा मी माझ्या डिग्रीच्या जोरावर एकट्यानंच पाणी सोडून दिलं, गळका तुकडा कापला, नवा तुकडा कपलिंगनं, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या सांध्यानं, बसवला आणि ऐटीत पाणी सुरू केलं. तोंडावर कारंजं! व्हिडिओ कॉलवर काका खो खो हसत होते.

"कितीचं आणलंय?"

"बावीस एमएम, काका. स्टँडर्ड साइज."

"पाइपाला इचारलं काय त्याचं स्टँडर्ड? दोरा आणा शिवायचा."

दोऱ्याचा एक वेढा पाइपाला घ्यायला लावला, मग तो उलगडून फुटपट्टीवर. "इंचाच्या बाजूनं ओ! सेंटिमीटर काय बघताय?" दोन इंच आणि वर पाच सूत. इंचाचे आठ भाग, एकेक भाग म्हणजे सूत, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं. काका तिकडे पुटपुटत हिशेब करत होते. "एकवीस सूत. बावीस एमएमला पावणेबावीस पायजे. ही हितली जुनी, आतनं पाऊण इंची नळी. बापाच्या मापाचं बूट पोराला घातलंय तुमी."

दुकानात पाऊण इंची म्हटल्यावर काउंटरवरच्या माणसानं मागं न बघता हात घालून कपलिंग काढून दिली. अर्ध्या तासात बसली. काका फोनवरून "बास, बास, आवळू नका, कपलिंग हाय, वैरी न्हाई!" म्हणून ओरडत होते. थेंबही गळला नाही. बॉयलर गुरगुरला, पाइप टिकटिक करत तापू लागले आणि फोन एकदम बंद झाला. काका पेला घेऊन भिंतीकडे धावले असणार.

थोड्या वेळानं ते आमच्या खिडकीबाहेर उभे. कानटोपी, रेनकोट, नाकावर मास्क. "तापला का?" खुणेनंच विचारलं. मी रेडिएटरवर हात ठेवून मान डोलावली. बायकोनं पोरीचे स्वेटर एकेक करून उतरवले आणि तिला काचेजवळ धरलं. काकांनी तिचे हातपाय पहिल्यांदाच पाहिले.  मग काचेतून अस्पष्ट ऐकू आलं, "आता गुंडाळू नका हं तिला. घामंल पोर."

मार्चमध्ये विमान मिळालं आणि काका गेले. निरोपही खिडकीतूनच घेतला. माझ्या लेकीला त्यांनी एकदाही हातात घेतलं नाही, पण त्या हिवाळ्यात ती उघड्या हातांनी झोपायची ती त्यांच्यामुळे.