न भिजवलेली खाकी

नव्या खाकीच्या खळीचा वास आला, की मी अजून आधी आभाळाकडं बघतो. दुष्काळाच्या साली बाजारात गणवेश सोन्याच्या भावानं विकत होते, म्हणून आईनं केजच्या सोसायटीच्या दुकानातून निम्म्या भावात कापड आणलं. शिंपी म्हणाला, "वहिनी, आधी भिजवून आणा, न्हाईतर पहिल्या पाण्यात चड्डीची लंगोटी हुईल." आई म्हणाली, "भाऊ, एका हंड्यासाठी दोन कोस जाते मी. चड्डीला कुठलं पाणी? शिवा तसंच!" गणवेशाशिवाय शाळेत घेत नव्हते. धुवायला पाणी नव्हतंच, भीती फक्त पावसाची. सारा जिल्हा आभाळाकडं डोळे लावून बसलेला, आणि मी एकटा मारुतीला पोतंभर नारळ बोललो, 'पाऊस पाडू नको!' त्या साली थेंब पडला नाही. चड्डी शाबूत राहिली. आई वर्षभर हंडा वाहत राहिली. तो नवस तिला सांगायची छाती मला आजही होत नाही.