बाईची पावलं

हॉस्टेलात वाचत बसून माझी पाठ धरायची, म्हणून मी इतवारीतल्या एका हॉलमध्ये साल्सा हा जोडीने करायचा नाच शिकायला जाऊ लागलो. शिकवणारे सर जहाजावरची नोकरी करून परतले होते. वर्गात मुली नव्हत्याच, त्यामुळे जोडीतल्या एकाला बाईची पावलं टाकावी लागत. मी बुटका, म्हणून ती माझ्याकडे आली. मला त्यात वावगं वाटत नसे. घाम निघायचा, मजा यायची.

बाजाराला आलेल्या आमच्या गावच्या एकाने मला खिडकीतून पाहिलं. आमच्या पारशिवनीकडे दंडारीत, म्हणजे गावच्या नाच-नाटकात, बाई होऊन नाचणाऱ्या पुरुषाला लोक हौसेने बघतात, पण त्याला मुलगी कोणी देत नाही. पोरगा दंडारीत लागला, असं त्या गाववाल्याने परत जाऊन गावभर सांगितलं. आठवड्याच्या आत वडील मला परत न्यायला हॉस्टेलवर आले.

"काहून गा, हेच शिकून राहिला तू?"

मी घाबरत सरांकडून ऐकलेलं सांगितलं. हा नाच मूळ क्यूबाचा, उसाच्या मळ्यात राबायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांच्या ढोलातून आलेला. परदेशाचं नाव ऐकून ते निवळतील, असं मला वाटलं.

"म्हणजे मजुराचाच नाच," ते म्हणाले. "मजुरी करून तुले मजुराचा नाच शिकाले धाडलं का आम्ही?"

"नाच सोडतो बाबा, कॉलेज सोडाले लावू नका."

ते खाटेवरून उठले आणि एकटेच बसस्टँडकडे निघाले.

कॉलेज वाचलं. पण गावी गेलो की वडील माझ्या चालण्याकडे बघत राहत, आणि मी मुद्दाम जड पावलं टाकत असे.