लगतच्या माणसाची सही

माझे यजमान गेले तेव्हा मी रडले नाही. तेराव्यापर्यंत नाही आणि त्यानंतरही नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी नामाला बसले आणि आत एकाएकी सगळं थांबलं. विचार नाही, भीती नाही, दुःखही नाही. नुसती शांतता, आणि ती पुढे सव्वा महिना टिकली. तीस वर्षं नाम घेऊन जे मिळालं नव्हतं ते नेमकं अशा वेळी मिळावं, याचं मलाच नवल वाटत होतं. पण तेराव्याची जेवणं उरकल्यावर माझी एकुलती एक मुलगी स्वाती बॅग भरता भरता म्हणाली, "आई, तू दगड झालीस का गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुण्याला निघून गेली. तेव्हापासून तिचे फोन कामापुरतेच यायला लागले. यथावकाश शांतता ओसरली, तिचा प्रश्न मात्र जाईना. देवानं मला खरंच काही दिलं होतं, की माझं काळीजच बधिर झालं होतं? हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझी सगळी नोकरी शिरूर आणि दौंड तालुक्यांत जमिनी मोजण्यात गेली. बाई मोजणीला आली म्हटल्यावर सुरुवातीला बांधावरची मंडळी गालातल्या गालात हसायची. हद्द हातभर सरकलेली दाखवली की मग गप्प व्हायची. असल्या माणसाला प्रश्न पडला तर तो नकाशाच शोधणार, दुसरं काय करणार? आणि अध्यात्मात नकाशांना तोटा नाही, हे मला तेव्हा कळलं. ज्ञानाच्या सात भूमिका, शरीरातली चक्रं, भक्तीचे नऊ प्रकार, बौद्धांच्या ध्यानाच्या पायऱ्या, मी वाचतच सुटले. मग ट्रेसिंग पेपर आणला, प्रत्येक वाटेचा नकाशा वेगळ्या रंगात काढला आणि एकावर एक ठेवून पाहिला. खालच्या पायऱ्या बऱ्याच जुळत होत्या. कुणी काहीही नाव देवो, आधी मन आवरायचं आणि हाव कमी करायची, यावर सगळ्यांचं एकमत. घोळ होता तो वर. जिथं मी उभी आहे असं मला वाटत होतं, त्या जागेला एका नकाशात विरक्ती म्हटलेलं, तर दुसऱ्यात तीच जागा लय म्हणून दाखवलेली, म्हणजे मन जागं न होता नुसतं गुंगीत जाणं. एकाच्या मते मी पोचले होते, दुसऱ्याच्या मते खड्ड्यात पडले होते. दोन नकाशे जुळत नाहीत तेव्हा चूक जमिनीची नसते, एवढं नोकरीनं शिकवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला या कामात मजाही येऊ लागली होती. दुपारचा चहा समोर गार होऊन जायचा आणि मी रंगीत पेन्सिलींना टोक करत बसलेली असायची.

शेवटी सगळे नकाशे एका मोठ्या कागदावर उतरवले, त्यात माझी जागा लाल खुणेनं दाखवली आणि जाणकारांना दाखवायला निघाले. दौंडला वेदान्ताचा वर्ग घेणारे एक सर आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून तासभर कागद पाहिला, चार प्रश्न विचारले आणि लाल खुणेवर बोट ठेवून म्हणाले की ही सातांतली चौथी भूमिका, जिथं ज्ञान उजाडतं, शंका नको. त्या दिवशी शिरूरला परत येईपर्यंत मी हवेत होते. पण एका साक्षीवर हद्द ठरवायची सवय नाही. आठवड्याभरात चौफुल्याला उतरून केडगावला गेले, नोकरीपासून ओळखीच्या असलेल्या एका वृद्ध ख्रिस्ती बाईंकडे. त्या रोज पहाटे दोन तास प्रार्थनेला बसतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अशी शांतता त्यांनी देवाकडून आलेलीही पाहिली आहे आणि अति थकव्यातून आलेलीही, कागदावरून काही सांगता येणार नाही. मग माझ्यासाठी प्रार्थना केली आणि पिशवीत परसातले पेरू घातले. म्हणजे एक मत बाजूनं, एक राखून ठेवलेलं. तिसरं हवंच होतं.

तिसरे होते केंदूरचे एक आप्पा. शेतकरी माणूस, पण मोठे साधक, भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारे अशी ख्याती. मी गेले तर ते पाबळला कुणाच्या दशक्रियेला प्रवचनासाठी गेलेले. त्यांच्या पत्नी अंगणात कांदा निवडत बसल्या होत्या. बसा, येतीलच म्हणाल्या आणि माझ्या हातातली गुंडाळी बघून विचारलं, कुणाच्या गटाची मोजणी काढलीय? मला हसू आलं. रिकामं बसण्यापेक्षा बरं म्हणून मीही कांदे निवडायला घेतले आणि बोलता बोलता सगळंच सांगून टाकलं, यजमानांचं, शांततेचं, भूमिकांचं. त्यांनी हात पुसून कागद उलगडायला लावला. हा रंग कशाचा, तो कशाचा, असं बारकाईनं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "लई बेस काढलाय. नोटिसा दिल्या व्हत्या का?"

मी विचारलं, कसल्या नोटिसा?

"लगतवाल्यांना. आमच्या मोजणीला शेजारच्याला नोटीस पोचली न्हाई, त्यानं हरकत घेतली आन् समदं पुन्यांदा करावं लागलं. तुमच्या लगतीला कोण हाय, ताई?"

मी म्हणाले, एक मुलगी आहे.

"मंग तिची सही कुठं हाय ह्याच्यावर?"

एवढं बोलून त्या पुन्हा कांद्याकडे वळल्या. उभ्या नोकरीत लगतच्या खातेदारांना कळवल्याशिवाय मी कुणाच्या जमिनीला साखळी लावली नव्हती. आणि स्वतःची मोजणी केली ती दार लावून, एकटीनं, वर तीन तालेवार साक्षीदार शोधत फिरले. जी मुलगी तेराव्यापर्यंत माझ्या सगळ्यात जवळ होती, तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की आप्पांची वाट न बघता मी उठले. एसटीच्या थांब्यावरूनच स्वातीला फोन लावला. म्हटलं, तेव्हा तुला काय दिसलं ते मला ऐकायचंय, मी मध्ये बोलणार नाही. ती एवढंच म्हणाली, रविवारी येते.

रविवारी ती आली, जेवली, आणि भांडी आवरून माझ्यासमोर बसली. मी दिलेला शब्द पाळला. ती म्हणाली, "तू रडली नाहीस याचा मला राग नव्हता, आई. मी रडायला लागले की तू यायचीस, पाठीवर हात ठेवायचीस आणि शांत हो म्हणायचीस. दर वेळी. तू शांत होतीस, पण माझे बाबा गेले होते. मग मी मोरीत जाऊन, नळ सोडून रडायचे."

तो नळ मला आठवला. आवाज ऐकून मी बाहेरून तिला ओरडले होते, पाणी जपून वापर म्हणून. एकदा नव्हे, रोज.

सुरुवातीला मला त्या नळाचंच रडू आलं. मग त्या वाटेनं हे आले, त्यांचा शेवटचा दिवस आला, मी न पाहिलेलं सगळं आलं. साठीची बाई मी, लहान पोरीसारखी हुंदके देत होते. स्वाती उठून माझ्या शेजारी बसली आणि पाठीवर हात ठेवला. शांत हो म्हणाली नाही.

ती शांतता खरी होती की नव्हती, मला अजून माहीत नाही. बहुधा ती खरीच होती आणि मी तिची पाटी करून मिरवण्यासाठी दाराला लावली. न कळण्याचा आता त्रासही होत नाही. आपण कुठवर आलो हे ठरवण्याचं काम मी देवावर सोपवलं आहे. तो ज्या कुणाच्या तोंडून बोलेल ते ऐकायचं, एवढंच माझ्याकडे ठेवलंय. केंदूरच्या त्या माउलीला मी रोज मनातून नमस्कार करते. ज्यांना भेटायला गेले होते त्या आप्पांची गाठ आजवर पडलेली नाही आणि ती घाईही उरलेली नाही. परवा दुपारी फोनवर बोलता बोलता स्वातीला वडिलांची आठवण आली आणि तिला रडू फुटलं. मी काही बोलले नाही. फोन कानाशी धरून, डोळे मिटून ऐकत राहिले, देवापुढे बसते तशी.